मावशीच्या नावावरच्या चुका

दरवर्षी जूनमध्ये आमच्या कंपनीत नवे सुपरवायझर निवडतात आणि त्यांचं तीन दिवसांचं शिबिर होतं. शेवटच्या दिवशी जेवणानंतर, म्हणजे सगळ्यांना पेंग येत असते तेव्हा, वीस मिनिटं मला बोलायला लावतात. विषय ठरलेला असतो, 'लाईनवरून सुपरवायझरपर्यंत'. मी उभी राहते. मागच्या पडद्यावर माझा चार वर्षांपूर्वीचा तक्ता येतो. त्यावरची लाल रेघ उतरत उतरत तळाला टेकते आणि नवी पोरं टाळ्या वाजवतात. मी थँक्यू म्हणते आणि खाली बसते. त्या वीस मिनिटांत मी जे सांगत नाही, ते इथं सांगते आहे.

आमची कंपनी वर्ध्याच्या एमआयडीसीत आहे. ट्रॅक्टरच्या बॉनेटखाली रंगीबेरंगी वायरींचा जो जुडगा असतो ना, तो आम्ही बनवतो. माझ्या लाईनवर बावीस बाया. काम दिसायला सोपं. वायरीचं टोक सोलायचं, त्यावर पितळेची बारकी टोपी मशीननं दाबून बसवायची, मग सगळ्या वायरी एकत्र करून टेप गुंडाळायचा. पण ती टोपी जर अर्धवट दाबली गेली, तर मोठी फसगत होते. करंट नीट जातो, तपासणीच्या टेबलावर हिरवा दिवा लागतो, सगळे खूश. आणि मग शेतात ट्रॅक्टरला चार धक्के बसले की टोपी निघून हातात येते. म्हणून प्रत्येकीनं आपली टोपी बोटांनी ओढून बघायची असते. निघाली तर तो माल लाल पेटीत टाकायचा. ओढून बघितलं की नाही, हे बघायला कोणी येत नाही. ते ज्याच्या त्याच्या इमानावर.

कोणाचा माल कोणता हे कळावं म्हणून प्रत्येकीला रंगाचा एक ठिपका ठरवून दिलेला. संध्याकाळी लाल पेटीतले ठिपके मोजले जायचे आणि ज्या रंगाचे जितके, तितक्या चुका तिच्या नावावर चढायच्या. आमच्यासारख्या पर्मनंट बायांचं त्यानं फारसं बिघडत नसे. कंत्राटी पोरींचं मात्र तसं नव्हतं. महिन्यात तीन ठिपके झाले की ठेकेदाराला चिठ्ठी जायची आणि दुसऱ्या दिवशी गेटवर त्या पोरीचा पास चालायचा नाही. बाराशे जुडग्यांत तीन म्हणजे काही फार नव्हे. पण हा नियम करणाऱ्यानं आयुष्यात कधी टोपी दाबली नसणार, हे मी शपथेवर सांगते.

यावर आमच्या लाईनीनं आपला उपाय काढला होता. माझ्याही आधीपासून तो चालत आलेला होता. कंत्राटी पोरीच्या हातून टोपी सैल बसली की तिनं तो जुडगा गुपचूप पर्मनंट बाईकडं न्यायचा. ती बाई थिनरच्या चिंधीनं पोरीचा ठिपका पुसायची, आपला लावायची आणि लाल पेटीत टाकायची. पूर्वी हे काम तिघी वाटून घ्यायच्या. त्यातल्या दोघी रिटायर झाल्या आणि धुरपता मावशी एकटी उरली. तिचा ठिपका जांभळा.

मावशी तेव्हा चौपन्न वर्षांची होती, एकोणीस वर्षं लाईनवर. उंच, हाडापेरानं दणकट आणि तोंडानं तिखट. डब्यात काय आणलं हे बघून कोणाच्या नवऱ्याला शिव्या द्यायच्या ते ठरवायची. कोणी नवी पोरगी आली की पहिला अख्खा दिवस तिची खेचायची आणि दुसऱ्या दिवशी तिला आपल्या शेजारी बसवायची. माझंही तसंच झालं. मी लागले तेव्हा कंत्राटी होते. पहिल्याच महिन्यात माझे दोन ठिपके झाले आणि पंचविसाव्या दिवशी तिसरी टोपी हातात आली. मी तो जुडगा मांडीवर घेऊन रडत बसले. मावशी मशीन थांबवून माझ्याजवळ आली.

"रडून काय ते टोपी बसनार हाय काय? आन इकडं," ती म्हणाली. "अन् पुढच्या खेपी तार सोलली का आंधी टोक पाह्यत जाजो."

तिनं माझा ठिपका पुसला, स्वतःचा लावला आणि परत जाऊन मशीनवर बसली. त्या वर्षात तिनं माझ्या अशा नऊ चुका घेतल्या. नऊ, मी मोजल्या आहेत. पुढं मी पर्मनंट झाले, तेव्हा मावशीचं ओझं थोडं मी घ्यायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण मला पुढं जायचं होतं. माझ्या नावावर चुका दिसल्या तर माझा नंबर लागणार नव्हता. मावशीनं कधी मागितलं नाही आणि मी कधी दिलं नाही.

माझा नंबर लागला. लाईनवरून निवडलेली मी पहिली बाई. शिबिर वर्ध्यातल्या एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये झालं. आम्ही अकरा जण होतो, त्यातले दहा बाप्ये, आणि शिकवायला पुण्याचे रजत सर. वय माझ्याएवढंच असेल. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते, कारण दोष त्यांच्यावर ढकलणं फार सोयीचं आहे. काल ज्यांच्यासोबत डबा खाल्ला त्यांनाच उद्या काम सांगायचं, तर कसं सांगायचं, हे त्यांनी शिकवलं. रागावर बोलू नका, आकड्यावर बोला. नियम सगळ्यांना सारखा लावा, आणि आपल्या जवळच्या माणसापासून सुरुवात करा, म्हणजे कोणी बोट दाखवणार नाही. चूक सांगायच्या आधी कौतुक करा आणि नंतरही करा. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून नाटुकलं करून घेतलं. ते कामचुकार कामगार झाले आणि मी सुपरवायझर. मी असं काही गोड आणि ठाम बोलले की दहाही बाप्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या माझ्या डोक्यात गेल्या, हे खरं आहे.

तिसऱ्या दिवशी रजत सरांनी 'पाच वेळा का' शिकवलं. काही बिघडलं तर एकदा 'का' विचारून थांबायचं नाही. जे उत्तर येईल त्यालाही 'का' विचारायचं, असं पाच वेळा, म्हणजे मूळ सापडतं. आमच्यातला देवळीचा अंकुश म्हणाला, म्हणजे आपल्या भाषेत पाच काऊन. सगळे हसले. मग सरांनी प्रत्येकाला एक छापील कागद दिला. त्यावर पाच चौकटी. आपल्या लाईनीवरचा एक दोष निवडायचा, पाच चौकटी भरायच्या, दीड महिन्यात तो दोष कमी करून दाखवायचा आणि मोठ्या साहेबांपुढं सादर करायचा. ज्याचं सगळ्यात चांगलं त्याला प्रमाणपत्र.

मी लाल पेटी निवडली. दुसरं काय निवडणार? मागच्या महिन्याचे आकडे काढले. लाईनीवर चौऱ्याहत्तर चुका, त्यातल्या एकसष्ट जांभळ्या.

पहिल्याच चौकटीवर मी अडले. चुका एवढ्या काऊन? याचं उत्तर मला ठाऊक होतं. लाईनीवरच्या कोणत्याही बाईला विचारलं असतं तर तिनंही सांगितलं असतं. तीन ठिपक्यांच्या नियमामुळं सगळ्या कंत्राटी पोरींच्या चुका एकीच्या नावावर चढत होत्या, एवढंच लिहायचं होतं. एका ओळीत काम झालं असतं, पाच चौकटींची गरजच नव्हती. आणि ते लिहिलं असतं तर कदाचित तो नियमच बदलला असता. रजत सर 'मूळ शोधा' म्हणत होते ते हेच. पण ते लिहिलं की पुढचा प्रश्न आला असता, की मयुरीबाई, तुम्ही पण असंच केलं होतं काय? माझ्या नऊ चुका बाहेर आल्या असत्या. सुपरवायझर होऊन पंधरा दिवस झाले होते.

मग मी लिहिलं. चुका जास्त का? एका कामगाराच्या हातून जास्त होतात. का? तिचा हात मंद झाला आहे. का? वय झालं आहे. का? नजर कमी झाली आहे. का? तिची कामाची जागा बदललेली नाही. पाचही चौकटी सुबक अक्षरात भरल्या. माझं अक्षर आधीपासून चांगलं आहे.

मनाची समजूत घालायला मला वेळ लागला नाही. मावशी पर्मनंट आहे, तिला कोण काढतं? दीड महिना दुसरीकडं बसवू, माझं सादरीकरण झालं की परत आणू. तिनं जगाच्या चुका घेतल्या, माझ्यासाठी एवढं नाही करणार? आणि आपल्या माणसापासून सुरुवात करा, असं सरांनीच सांगितलं होतं. खरं सांगायचं तर मी मावशीला निवडलं ते ती माझी होती म्हणून. दुसऱ्या कोणत्या बाईनं ऐकून घेतलं नसतं. मावशी ऐकून घेईल, याची मला खात्री होती.

मी तिला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्यासमोर खुर्चीत बसली आणि मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होते. मी शिबिरातल्या भाषेत सुरू झाले. एकोणीस वर्षांची सेवा, सगळ्यांना आधार, वगैरे वगैरे. मग तक्ता तिच्यापुढं सरकवला आणि एकसष्टच्या आकड्यावर पेन ठेवलं. मग पुन्हा कौतुक. मी तिला 'तुम्ही' म्हणत होते. लाईनीवर मी तिला नेहमी 'तू' म्हणायचे.

तिनं सगळं ऐकून घेतलं. तक्त्याकडं तिनं बघितलंच नाही.

"मयुरे, ह्या कोनाच्या चुका हायेत ते तुले ठाऊक नाई काय?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, "आकडा तुमच्याच नावावर आहे, मावशी."

हे वाक्य मी आजवर हजार वेळा परत गिळायचा प्रयत्न केला आहे. तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. तिनं फक्त मान हलवली.

"हो," ती म्हणाली. "माह्याच नावावर हाय."

मग उद्यापासून कुठं बसायचं, एवढंच विचारलं. मी तिला मागच्या शेडमध्ये पाठवलं. तिथं भंगारातल्या वायरी सोलून तांबं वेगळं करतात. एकट्यानं करायचं काम. तिचं मशीन मी काजलला दिलं. काजल तळेगावची, चोवीस वर्षांची, कंत्राटी, हाताची चपळ. मावशीनं शिकवलेली शेवटची पोरगी.

पहिल्या आठवड्यात लाल पेटीत नऊ चुका पडल्या. दुसऱ्यात चार. मग दोन. मग एक. मी रोज संध्याकाळी पेटी उघडायचे आणि खुशीत घरी जायचे. मला वाटलं, पोरी सावध झाल्या. आता मावशी नाही म्हटल्यावर जपून काम करतायत. मी त्यांना चहाच्या सुट्टीत शाबासकी दिली. त्यांनी माझ्याकडं न बघता चहा घेतला. तेव्हाच मला समजायला हवं होतं. नऊ वर्षं त्यांच्यात बसून काढली होती मी. पण मी पेटी बघत होते.

सादरीकरण झालं. मोठ्या साहेबांनी हात मिळवला, फोटो काढला, प्रमाणपत्र दिलं. माझ्या पाच चौकटींचा कागद मोठा करून भिंतीवर लावला. त्यावर मावशीचं नाव नव्हतं, 'एक कामगार' एवढंच होतं. पण लाईनीवर वाचता सगळ्यांना येत होतं.

दुसऱ्या दिवशी मी प्रॉडक्शनच्या नीरज सरांकडं गेले आणि आता धुरपताबाईंना लाईनीवर परत घेऊ म्हणाले. मी वेडी असल्यासारखं सरांनी माझ्याकडं बघितलं. ज्या कामगाराला काढल्यामुळं चुका कमी झाल्या, त्यालाच परत आणायचं? तुम्हीच तर सिद्ध करून दाखवलंत, असं ते म्हणाले. माझा कागद आधीच वर गेला होता. वरच्या ऑफिसनं मावशीला बोलावून दोन रस्ते दिले होते. एक तर, सगळ्या चुका माझ्याच हातून झाल्या असं लिहून द्यायचं आणि आपणहून काम सोडायचं. नाहीतर चौकशी बसेल, आणि चौकशीत सगळ्या लाईनीला एकेक करून विचारतील.

मी काचेतून बघितलं. मावशी ऑफिसात उभी होती, खुर्चीत बसली नव्हती. तिनं कागद वाचला. वाचायला बराच वेळ घेतला. मग वाकून सही केली. मी दारापर्यंत गेले होते. आत जाऊन दोन वाक्यं बोलायची होती, बस. मी दाराला हात लावला आणि मग मला कोणीतरी बोलावल्यासारखं करून वळले. कोणी बोलावलं नव्हतं.

तिचा निरोप समारंभ झाला नाही. आपणहून सोडणाऱ्याचा करत नाहीत. ती बोरगाव मेघेतली भाड्याची खोली सोडून रोहण्याला मुलाकडं गेली, असं मी नंतर ऐकलं.

तीन महिन्यांनी माल परत आला. एकदम चाळीस खोकी. ट्रॅक्टर कंपनीचा माणूस सोबत होता. त्यानं आमच्यासमोर एक जुडगा उचलला, टोपी दोन बोटांत धरली आणि ओढली. ती निघाली. दुसरी ओढली, तीही निघाली. दिवसभर आम्ही लाईन बंद ठेवून खोकी तपासली. जवळजवळ प्रत्येक खोक्यात एक-दोन सैल निघत होते. सगळ्या तारखा मावशी लाईनवरून गेल्यानंतरच्या. पोरींना आपली टोपी सैल बसली हे ओढल्यावर कळत होतं. पण तो जुडगा लाल पेटीत टाकला तर आपला ठिपका. म्हणून त्यावर टेप गुंडाळून पुढं ढकलत होत्या. आणि पुढं पुढं तर ओढून बघणंच त्यांनी सोडून दिलं, कारण कळलं तर त्रास.

काजल माझ्या शेजारी बसून खोकी उघडत होती. मी तिला हळू आवाजात विचारलं, की अगं, सांगितलं काऊन नाही?

तिनं हातातला जुडगा खाली ठेवला. "आंधी मावशीले सांगत होतो," ती म्हणाली. "आता कोनाले सांगाव, मॅडम? तुमाले?"

तेव्हा मला कळलं की मी काय मोडलं होतं. मी समजत होते, मावशी चुका झाकते. मावशी चुका बाहेर काढत होती. तिच्याकडं नेलं की आपल्याला काही होत नाही, हे माहीत असल्यामुळं पोरी प्रत्येक सैल टोपी आणून तिच्या हातात देत होत्या. ते एकसष्ट जांभळे ठिपके म्हणजे एकसष्ट खराब जुडगे ट्रॅक्टरपर्यंत पोचले नाहीत, याचा पुरावा होता. माझ्या तक्त्यावर रेघ खाली गेली ती चुका थांबल्या म्हणून नाही. चुका आता खोक्यात भरून गावोगाव जात होत्या.

आता इथं मी शहाणपणा केला. खरं तर हीच माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी. मला वाटलं, आता तरी खरं बोलायला पाहिजे. मावशीचं नाव साफ करायला पाहिजे. पोरींना विचारावं, आधी एखादा रस्ता काढावा, असं डोक्यातच आलं नाही. मी तडक नीरज सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगून टाकलं. ठिपके कसे पुसायचो, मावशी कशी घ्यायची, माझ्या कशा नऊ घेतल्या, आणि अलीकडं कोणाकोणाच्या घेतल्या. सरांनी नावं विचारली. मावशीवरचा आळ जावा म्हणून मी नावं सांगितली. त्यांनी ती लिहून घेतली. बोलता बोलता मला रडू आलं, त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला.

ते म्हणाले, "तुम्ही सांगितलंत हे फार चांगलं केलं. म्हणजे ह्या पोरी सुरुवातीपासूनच फसवत होत्या."

मी म्हणाले, तसं नाही सर. त्यांनी ऐकलं नाही. मावशीचं काय, असं विचारलं तर त्यांनी फाईल उघडून तिची सही दाखवली. तिनं स्वतः लिहून दिलंय, आता ती खोटं बोलली असं आपण म्हणायचं का, असं त्यांनी मलाच विचारलं. त्याच आठवड्यात काजल आणि आणखी दोघींचे पास बंद झाले. आलेली तक्रार ठेकेदाराच्या माथी मारली गेली. मी आपणहून खरं सांगितलं म्हणून माझ्या वागण्याची नोंद चांगली झाली. भिंतीवरचा माझा तक्ताही तसाच राहिला, कारण त्याखाली मोठ्या साहेबांची सही होती.

मी रोहण्याला गेले ती त्यानंतर तीन महिन्यांनी, एका रविवारी. एवढा उशीर का लावला, याला दुसरं कारण नाही, मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. गावात विचारत गेले. मावशीचा मुलगा प्रफुल्ल भाजीपाला करतो. मावशी वावरात, कडुनिंबाखाली पोतं टाकून बसली होती आणि सांबाराच्या जुड्या बांधत होती. आम्ही इकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतो. मी जयभीम केला. तिनं मान वर करून बघितलं आणि जयभीम म्हणत पोत्यावर सरकून मला जागा दिली.

वाळली होती ती. पण बोलणं तसंच. माझ्या साडीकडं बघून, सुपरवायझर झाली तरी पदर सांभाळता येत नाही, असं म्हणाली. सुनेनं चहा आणून दिला. मी मुकाट्यानं एक जुडी बांधायला घेतली तर ती सुटली, त्यावरही तिनं टोमणा मारला. मला वाटलं, झालं, मावशीनं माफ केलं. तेवढ्यानं मला धीर आला आणि मी मनात घोकून आणलेलं सगळं बोलून टाकलं. खोकी परत आली ते सांगितलं. मी चुकले, हे सांगितलं. आणि आता तुझं नाव साफ आहे मावशी, असं सांगितलं. त्या चुका तुझ्या नव्हत्या, हे साहेबांना ठाऊक झालं आहे.

तिचे हात थांबले.

"कोनं सांगतलं त्याइले?"

"म्या सांगतलं," मी म्हणाले. "सगळं सांगतलं."

"पोट्ट्याइची नावं बी?"

मी मान हलवली. ती माझ्याकडं बघतच राहिली. केबिनमध्ये बघितलं होतं तसं नव्हे. त्या दिवशी तिला माझं सगळं कळत होतं, आज कळत नव्हतं.

"मंग काजल?"

"काढलं तिले. आनखी दोघी बी."

मावशीनं हातातला सांबार खाली ठेवला. ओठ घट्ट मिटले, आणि मी नऊ वर्षांत कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं, तिचे डोळे भरून आले. माझ्या त्या वाक्यावर आले नव्हते. ऑफिसात सही करताना आले नव्हते.

"त्याइनं पोट्ट्याइले इचारू नाई म्हनून म्या सही केली व," ती म्हणाली. "माह्यावरच थांबाव म्हनून केली. मंग म्या कायले केली?"

मी तिचा हात धरायला गेले. तिनं हात ओढून घेतला नाही, पण तो माझ्या हातात नुसता पडून राहिला. मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, काजल आता कुठं जाते कामाले?

मला ठाऊक नव्हतं. तिघींपैकी एकीचंही ठाऊक नव्हतं. तीन महिने झाले होते आणि मी विचारलंच नव्हतं.